कॉर्न स्नेक, बिअर्डेड ड्रॅगन आणि जळगावचा मे महिना

सरपटणारे प्राणी पाळण्याबद्दल जे वाचायला मिळतं, ते बहुतेक थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेलं असतं. प्राण्याला ऊब कशी द्यायची यावर पानंच्या पानं, आणि उन्हाळ्यावर जेमतेम दोन ओळी. आपल्याकडे गणित उलटं आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. अशा खोलीत पेटीत कोंडलेला साप एका दुपारीत मरतो, कारण त्याला ना घाम येतो, ना तिथून निघून गार बिळात जाता येतं. त्यामुळे खानदेशात साप किंवा सरडा पाळायचा म्हणजे मुख्यतः चार महिने त्याला गार ठेवायचं. दिवे, फांद्या, सजावट हे सगळं नंतरचं. घरातली एकही खोली भर दुपारी ३२ अंशांच्या आत ठेवता येत नसेल, तर हा नाद इथेच सोडलेला बरा.

आधी कायदा

शेतात, गोठ्यात, कपाशीत सापडलेला साप पाळता येत नाही. नाग, घोणस, मण्यार, फुरसं यांचं तर सोडाच. धामण, तस्कर, दिवड, कवड्या, डुरक्या घोणस, मांडूळ हे बिनविषारी सापही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत आणि या कायद्याच्या भाषेत नुसतं पकडणंसुद्धा शिकार ठरतं. घोरपड आणि अजगर कायद्याच्या सर्वांत कडक यादीत, म्हणजे अनुसूची १ मध्ये येतात. तिथे शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे आणि दंड वेगळा. मांडुळाला दोन तोंडं असतात, त्याने गुप्तधन सापडतं, लाखांत गिऱ्हाईक आहे, असं सांगत कोणी भेटला तर त्याच्याशी बोलत उभंही राहू नका. पोलीस आणि वनखातं सापळा लावतात तो नेमका इथे. 'हत्था जोडी' म्हणून जी मुळी विकतात ती वनस्पती नसतेच, घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. देव्हाऱ्यात असली तरी तो गुन्हाच.

सर्पमित्राने पकडलेला साप 'दोन दिवस बघायला' म्हणून बरणीत ठेवणं हेही यातच बसतं. पोरांना साप दाखवायची हौस असेल तर ती दुसऱ्या मार्गाने भागवा.

राहिल्या परदेशी प्रजाती. जगभरात ज्या प्राण्यांच्या व्यापारावर 'सायटीस' कराराचं नियंत्रण आहे, ते २०२२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये आले. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) आणि हिरवा इग्वाना (अमेरिकेतला मोठा सरडा) या यादीत आहेत. असा प्राणी ताब्यात असेल तर फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या नियमांप्रमाणे त्याची नोंदणी 'परिवेश २.०' या सरकारी पोर्टलवरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करावी लागते. नव्याने घेतलेल्या प्राण्यासाठी मुदत ३० दिवसांची. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला, मेला, तरी कळवावं लागतं. उत्तर अमेरिकेतला कॉर्न स्नेक सायटीसच्या यादीत नाही, म्हणून त्याच्यामागे कागदांची कटकट कमी. पण याद्या बदलत असतात. घेण्याच्या आठवड्यात पुन्हा बघा.

एवढ्यावर थांबू नका. आपल्या वनविभागाच्या कार्यालयात (जळगाव जिल्ह्यात जळगाव आणि यावल असे दोन विभाग आहेत, नंदुरबारकडे तळोद्याचा मेवासी विभागही आहे) साध्या कागदावर अर्ज द्या: अमुक शास्त्रीय नावाचा परदेशी प्राणी पाळायचा आहे, काय लागतं ते कळवावं. पोच घ्या. उत्तर येईल न येईल, पण पुढे शेजाऱ्याने तक्रार केली तर ती पोच आणि विकणाऱ्याचं पक्कं बिल हीच तुमची बाजू. बिलावर प्राण्याचं शास्त्रीय नाव आणि तो भारतात बंदिवासात जन्मल्याचा उल्लेख हवा. 'बिल नंतर पाठवतो' म्हणणाऱ्याकडून घेऊच नका. परदेशी प्राणी बॅगेत कोंबून आणणारे प्रवासी मुंबई आणि चेन्नईच्या विमानतळांवर वरचेवर पकडले जातात, आणि त्या मालातलं जे सुटतं ते असंच बिनबिलाचं फिरतं.

कोणता प्राणी घ्यावा

माझं मत सरळ आहे. साप हवा असेल तर कॉर्न स्नेक, सरडा हवा असेल तर बिअर्डेड ड्रॅगन. दोन्ही एकदम नको.

कॉर्न स्नेक बिनविषारी, शांत, साधारण तीन ते पाच फुटांचा. आपल्या तस्कराच्याच कुळातला. पंधरा-वीस वर्षं जगतो. थोडी चूक सहन करतो, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. बिअर्डेड ड्रॅगन ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला, दीड-दोन फुटांचा, दिवसा जागा असणारा आणि माणसाला लवकर सरावणारा. दहा-बारा वर्षांचा सोबती. त्याला उष्णता आवडते म्हणून तो खानदेशाला योग्य, असं दुकानदार सांगतील. अर्धंच खरं आहे. त्याला तापलेला दगड आवडतो, पण त्याच पेटीत दुसऱ्या टोकाला सावलीही लागते. अख्खी खोली ४० वर गेली की तोही भाजतो.

बॉल पायथन नवशिक्याला सुचवतात, पण त्याला ६० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते आणि आपल्या एप्रिलमध्ये हवेतला ओलावा २० टक्क्यांखाली जातो. शिवाय तो महिनोन्महिने उपाशी बसतो आणि मालकाचा जीव टांगणीला लागतो. इग्वाना लहानपणी गोंडस दिसतो, मोठेपणी पाच-सहा फुटांचा होतो, शेपटीचे फटके मारतो आणि त्याला खोलीएवढा पिंजरा लागतो. लेपर्ड गेको सांभाळायला खरं तर सर्वांत सोपी, पण तिच्याच वंशाच्या पाली आपल्या डोंगरात राहतात. सातपुड्यातल्या एका जातीला २०१४ मध्ये सातपुड्याच्याच नावाने शास्त्रीय नाव मिळालं. बाजारातली पाल आणि रानातली पाल वेगळी, हे तपासायला आलेल्या वनरक्षकाला पटवत बसण्याची तयारी असेल तरच तिच्या वाटेला जा.

घरच्यांना विचारा, आणि खरं सांगून विचारा

'साप पाळायचा का?' हा अर्धा प्रश्न झाला. पूर्ण प्रश्न असा आहे: 'फ्रीजरमध्ये मेलेले उंदीर ठेवले तर चालतील का?' आपल्याकडच्या कितीतरी घरांत अंडंही स्वयंपाकघरात येत नाही. तिथे हा प्रश्न आधीच निकाली काढा. वेगळा छोटा फ्रीज घेता येत असेल तर उत्तम, नाहीतर बिअर्डेड ड्रॅगनकडे वळा. त्याला किडे लागतात, पण त्यांना फ्रीजर लागत नाही.

दुसरं, हट्ट करणारं पोरगं दहावीत असेल तर तीन वर्षांनी ते पुण्याला शिकायला जाणार आणि साप आईच्या गळ्यात पडणार. तिसरं, भाड्याचं घर असेल तर घरमालकाला आधी कळू द्या, नंतर नको. आणि नागपंचमीला गल्लीतल्या बायका हळद-कुंकू आणि दुधाची वाटी घेऊन आल्या तर प्रेमाने नाही म्हणा. साप दूध पचवू शकत नाही, हळदीची पूड त्याच्या नाका-डोळ्यांत जाते, आणि गर्दीत हाताळलेला साप पुढे दोन आठवडे धड खात नाही. दर्शनासाठी बाहेर काढायचा नाही, हा नियम पहिल्याच वर्षी ठरवा. एकदा काढलात की दरवर्षी काढावा लागेल.

पेटी आधी, प्राणी सहा महिन्यांनी

बहुतेक लोक दोन्ही एकाच दिवशी आणतात. खानदेशात पेटी मार्च-एप्रिलमध्ये तयार करा आणि पूर्ण उन्हाळा ती रिकामी चालवा. आत दोन डिजिटल थर्मामीटर, एक गरम टोकाला, एक गार टोकाला, सोबत आर्द्रतामापक. दुपारी दोन ते पाच या वेळेतले आकडे वहीत लिहा. गार टोक रोज ३० च्या आत राहिलं तर तुमची जागा आणि तुमचा कूलर पास झाले. नाही राहिलं तर खोली बदला, भिंत बदला, किंवा बेत बदला. प्राणी आणायचा तो दिवाळीनंतर, थंडी बोचायला लागण्याआधी. मार्च ते जून या काळात काहीही विकत घेऊ नका. प्रवासातच अर्धा जीव जातो.

जागा निवडताना पश्चिमेची भिंत आणि वरचा मजला टाळा. तळमजला, उत्तरेची किंवा मधली खोली, जिन्याखालची हवेशीर जागा बरी. गावाकडे अजून धाब्याचं घर असेल तर त्याच्यासारखी जागा नाही. जाड मातीचं छत दुपारचा ताप आत येऊच देत नाही. खिडकीतून ऊन पडेल तिथे काचेची पेटी कधीही ठेवू नका. बाहेर हवा २५ अंश असली तरी उन्हातली काचपेटी थोड्याच वेळात भट्टी होते, आणि ही चूक जानेवारीतही जीव घेते.

माप: मोठ्या कॉर्न स्नेकला चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. पिल्लाला एकदम एवढी जागा दिली तर ते बावरून खात नाही. त्याला आधी छोटी पेटी, किंवा मोठीत भरपूर आडोसे. बिअर्डेड ड्रॅगनला कमीत कमी तेवढीच, शक्य तर थोडी जास्त. सुताराकडून प्लायची पेटी, पुढे सरकत्या काचा आणि दोन्ही बाजूंना जाळी, असं करून घेतलं तर काचेच्या टाकीपेक्षा स्वस्त पडतं आणि उन्हाळ्यात कमी तापतं. जाळीची भोकं पिल्लाच्या डोक्यापेक्षा लहान हवीत. सरकत्या काचांना कुलूप लावा. सापाचं डोकं जिथून जातं तिथून पूर्ण साप जातो.

तळाला कॉर्न स्नेकसाठी जाड थरात लाकडाचा भुसा किंवा ओलसर नारळाचा भुसा. पण देवदार-चीडचा वासाचा भुसा नको, त्यातलं तेल फुप्फुसाला बाधतं. वर्तमानपत्रही चालतं, फक्त त्याला खाली शिरायला मिळत नाही. बिअर्डेड ड्रॅगनसाठी शहाबादी फरशीचा तुकडा हा सर्वांत चांगला तळ. दिव्याखाली छान तापतो, नखं घासली जातात, पुसायला सोपा. तापीची वाळू दिसायला रानासारखी असली तरी पिल्लांच्या पोटात जाऊन अडकते.

दोन आडोसे हवेत, एक गरम बाजूला, एक गार बाजूला. गार बाजूचा आडोसा म्हणून फुटक्या माठाचा अर्धा भाग पालथा ठेवा. सकाळी तो पाण्यात बुडवून काढला की दुपारपर्यंत आतून थंडगार राहतो. कोणत्याही दुकानातल्या प्लॅस्टिकच्या गुहेपेक्षा हा सरस आहे. पाण्याचं भांडं जड आणि साप वेटोळं घालून बसेल एवढं मोठं. पेटीच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, जुन्या फडताळाचे ठेवायचे तसे; लाल मुंग्या झोपलेल्या पिल्लाला सोडत नाहीत. मुंग्यांचा खडू, डासांची कॉइल, फवारे यांतलं काहीही पेटीजवळ नको. अगरबत्ती आणि धूपही दुसऱ्या खोलीत.

उन्हाळा

कॉर्न स्नेकला गरम टोकाला २९ ते ३१ आणि गार टोकाला २३ ते २६ अंश लागतात. मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत त्याच्या पेटीतला प्रत्येक दिवा आणि हीटिंग मॅट (विजेवर तापणारी चटई) बंद. खोलीच गरम टोकाचं काम करते. तुम्हाला फक्त गार टोक तयार करायचं आहे. ३२ ला तो अस्वस्थ होतो, ३४-३५ ला धोका सुरू होतो.

बिअर्डेड ड्रॅगनला तापायची जागा ३८ ते ४२ आणि गार टोक २५ ते २८ असं हवं. त्याचा उष्णतेचा दिवा उन्हाळ्यात सकाळी सात ते दहा एवढाच लावा. हाडांसाठी लागणारे अतिनील किरण देणारा दिवा मात्र रोजच्या वेळेप्रमाणे चालू राहू द्या, तो फारसा तापत नाही.

कूलर आपल्याकडे चांगला चालतो, कारण हवा कोरडी असते. पण तो खोली तापण्याआधी लावा, साडेदहाच्या सुमाराला. चार वाजता लावलेला कूलर तापलेल्या भिंतींशीच भांडत बसतो. त्याचा झोत पेटीवर नको, समोरच्या भिंतीवर. आणि एक खिडकी थोडी उघडी, नाहीतर खोलीत नुसता दमट कोंडवाडा होतो. वाळ्याचे पडदे असतील तर ते जास्त चांगले. आर्द्रतामापक ६५ च्या वर जाऊ लागला तर पाण्याचा पंप थोडा वेळ बंद करून नुसता पंखा चालवा. ड्रॅगनला सतत दमट गार झोत मिळाला की छातीचा संसर्ग होतो.

वीज जाण्याची तयारी एप्रिलमध्येच करून ठेवा. बहुतेक घरांत इन्व्हर्टरवर पंखा चालतो, कूलर नाही. फ्रीजरमध्ये दोन-तीन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या कायम गोठलेल्या असू द्या. वीज गेली की बाटलीला जाड टॉवेल गुंडाळून पेटीच्या गार टोकाला बाहेरून टेकवा, जाळीच्या अर्ध्या भागावर ओलं सुती कापड टाका आणि त्यावर पंख्याचा वारा येऊ द्या. पेटी स्टँडवरून उतरवून फरशीवर ठेवली तरी दोन-तीन अंशांचा फरक पडतो. फरशीवर असताना मुंग्यांकडे लक्ष ठेवा.

प्राण्याला उष्णता लागली हे कसं ओळखायचं? साप पेटीभर वेड्यासारखा फिरतो, काचेवर तोंड घासतो, तोंड उघडून श्वास घेतो आणि मग अचानक ढिला पडतो. ड्रॅगन दिव्याखाली तोंड उघडून बसतो ते नेहमीचं आहे. गार टोकाला जाऊनही तोंड उघडंच असेल तर काळजीचं. अशा वेळी बर्फाचं पाणी अजिबात नको. माठातल्या नव्हे, नळाच्या साध्या पाण्यात अंग भिजवा, ड्रॅगनला छातीपर्यंतच, डोकं वर धरून. अंधाऱ्या गार खोलीत ठेवा आणि डॉक्टरला फोन करा. उठून बसला म्हणजे बरा झाला असं नाही. आतल्या अवयवांना झालेली इजा दोन दिवसांनी दिसते.

कात टाकण्याचा त्रासही याच दिवसांत. सापाचे डोळे निळसर-दुधाळ झाले की कात आठवड्या-दीड आठवड्यात येणार. त्या काळात झाकणाच्या डब्याला भोक पाडून आत ओला नारळाचा भुसा भरून ठेवा. साप स्वतःच त्यात जाऊन बसतो. कात अख्खी, मोज्यासारखी उलटी निघायला हवी. तुकड्यांत निघाली तर कोमट ओल्या कापडातून त्याला हळूहळू जाऊ द्या. डोळ्यांवरचे पापुद्रे राहिले तर नखाने काढायला जाऊ नका, डोळा जातो.

बाकीचे ऋतू

पावसाळ्यात कूलरचा उपयोग संपतो आणि ओल सुरू होते. भुसा लवकर बदला, जाळ्या मोकळ्या ठेवा. पोटाखालच्या खवल्यांवर तपकिरी डाग किंवा फोड दिसले तर तळ कोरडा करून डॉक्टर गाठा.

हिवाळा इथे लोकांना फसवतो. धुळ्याचा पारा डिसेंबर-जानेवारीत एकेरी आकड्यात उतरतो, आणि जी हवेशीर गार खोली मे महिन्यात वरदान होती तीच आता बर्फाची. इथे हीटिंग मॅट किंवा सिरॅमिक हीटर लागतोच, पण थर्मोस्टॅटशिवाय नाही. थर्मोस्टॅट नसलेली मॅट ४५ अंशांपर्यंतही जाते आणि साप भाजेपर्यंत तिच्यावर बसून राहतो, कारण पोटाखालची उष्णता त्याला नीट कळत नाही. थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅटवरच चिकटवा, हवेत लोंबकळता नको. रात्री कॉर्न स्नेकला २० आणि ड्रॅगनला १८ पर्यंत चालतं.

हिवाळ्याची एक मजा आहे. सकाळचं कोवळं ऊन ड्रॅगनला द्या, जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर सावली ठेवून, वीस-तीस मिनिटं, समोर बसून. काचेतून येणाऱ्या उन्हाचा उपयोग नाही. हाडांना लागणारे अतिनील किरण काच अडवते. घारी-कावळ्यांकडे आणि मांजरांकडे लक्ष असू द्या.

खाणं

कॉर्न स्नेकच्या पिल्लाला पाच ते सात दिवसांनी उंदराचं बिनकेसाचं पिल्लू, मोठ्या सापाला दहा ते चौदा दिवसांनी एक मोठा उंदीर. उंदराची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी किंवा किंचित जास्त. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात, आणि लांब चिमट्याने द्या. पुढचे दोन दिवस सापाला हात लावायचा नाही, नाहीतर तो ओकतो. ओकला तर दहा-बारा दिवस पोटाला विश्रांती आणि मग नेहमीपेक्षा लहान घास.

शेतातला किंवा गोदामातला उंदीर कधीही देऊ नका. आपल्याकडे झिंक फॉस्फाईड आणि ब्रोमाडिओलोन सर्रास वापरतात. विष खाल्लेला उंदीर सापालाही मारतो. जिवंत उंदीरही नको. घाबरलेला उंदीर सापाला चावून फाडतो, आणि ते बघण्यासारखंही नसतं. अडचण अशी की गोठवलेले उंदीर पुण्या-मुंबईकडून मागवावे लागतात आणि उन्हाळ्यात पार्सल वितळलेलं येतं. जानेवारी-फेब्रुवारीतच जूनपर्यंतचा साठा करा. वितळून पुन्हा गोठलेला माल टाकून द्या. काहीजण घरी पांढरे उंदीर वाढवतात. वास येतो, आणि मे महिन्यात तेही उकाड्याने मरतात. शिवाय उंदराला यातना न देता मारायची रीत नीट शिकलेली नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

बिअर्डेड ड्रॅगनचं उलट आहे. पिल्लूपणी मुख्यतः किडे, मोठेपणी मुख्यतः पाला. किडे म्हणजे विकतचे रातकिडे, दुबिया झुरळं, अधूनमधून मीलवर्म (पिठातल्या अळ्या). दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा नको. कपाशीच्या शेतातले टोळ-नाकतोडे फुकट मिळतात, पण त्यांच्या अंगावर फवारणी असते. पावसाच्या तोंडावर डोंगराकडे दिसणारे काजवे तर एक-दोनही पुरतात; ते ड्रॅगनसाठी जहाल विष आहेत.

पाल्यात शेवग्याची पानं, तुतीची कोवळी पानं, जास्वंदीची फुलं-पानं, किसलेलं गंगाफळ, गिलकं, थोडी मेथी, थोडी कोथिंबीर. पालक, चुका, अंबाडी, राजगिरा, घोळ रोज नको; त्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. आणि केळी! रावेर-यावलच्या माणसाला हे पटणं अवघड आहे, पण केळ्यात कॅल्शियमच्या चौपट फॉस्फरस असतो आणि त्याने हाडं भुसभुशीत होतात. महिन्यातून एखादी चकती, बास. किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरायची सवय पहिल्या दिवसापासून लावा आणि अतिनील नळी वर्षाने बदला, ती पेटत असली तरी. उजेड देत राहते, पण किरण संपलेले असतात. जबडा मऊ लागणं, पाय थरथरणं, पाठ वाकणं ही हाडं गेल्याची खूण.

आजार आणि डॉक्टर

आपल्याकडचे पशुवैद्य गाई-म्हशी आणि कुत्र्यांत तरबेज असतात. सरीसृपांवर हात बसलेला डॉक्टर बहुधा नाशिक, पुणे किंवा मुंबईतच सापडेल. प्राणी घेण्याआधी एकाला फोन करून, फोनवर सल्ला देतात का, तपासणीला किती दिवसांत घेतात, हे विचारून ठेवा. नाकातोंडातून फेस, श्वासाचा शिट्टीसारखा आवाज, पाण्याच्या भांड्यात तरंगणारे काळे ठिपके (ही गोचिडीसारखी किडी), वजन घटणं, यांपैकी काहीही दिसलं तर वाट बघू नका. वजनासाठी स्वयंपाकाचा काटा नको, वेगळा घ्या. गुरांच्या औषधाचा अंदाजे डोस देणं धोक्याचं. आयव्हरमेक्टिन कासवांना जीवघेणं ठरतं आणि सापांतही डोस चुकला की संपलं.

फिनाईलने पेटी धुऊ नका. त्यातली फिनॉल-जातीची द्रव्यं सरीसृपांना बाधतात. साबण, मग पातळ ब्लीच, मग भरपूर पाणी, मग ऊन. हात दर वेळी साबणाने धुवा. या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू असतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात प्राणी देऊ नका आणि त्याची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये घासू नका.

साप पेटीतून निसटला तर

आधी खोलीचं दार बंद करा आणि दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबा. कॉर्न स्नेक फार लांब जात नाही. फ्रीजच्या मागे, गादीच्या खाली, पुस्तकांच्या मागे असतो. भिंतीच्या कडेने फरशीवर मैदा भुरभुरा, सकाळी माग दिसतो.

आता महत्त्वाचं. घरात साप दिसला की 'आपलाच आहे' असं धरून हात घालू नका. आपल्या प्रदेशात मण्यार रात्री घरात शिरते, तिला लोक कवड्या समजतात, तर घाबरलेल्या क्षणी तुम्ही तिला आणखी काही समजू शकता. टॉर्च लावा, दुरून फोटो काढा, रंग आणि नक्षी आपल्या सापाच्या फोटोशी जुळवा. शंका असेल तर सर्पमित्र, किंवा वनखात्याचा १९२६ हा क्रमांक. अनोळखी साप चावला तर १०८ ला फोन आणि थेट सरकारी रुग्णालय. कापणं, चोखणं, आवळून बांधणं, भगताकडे नेणं यांतलं काही नाही. आपल्या कॉर्न स्नेकने चावा घेतला तर साबण-पाणी पुरतं.

शेजाऱ्यांना सापाचा फोटो आधीच दाखवून ठेवा. तो त्यांच्या अंगणात निघाला तर काठी उचलण्याआधी निदान एकाला तरी आठवेल.

नको झाला तर

सातपुड्यात, अनेर धरणाच्या जंगलात किंवा तापीकाठी सोडून देणं हा उपाय नाही. पाळीव अजगर सुटल्यावर अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या दलदलीत ते इतके वाढले की तिथले मूळचे प्राणी संपत आले. दुसरा जाणकार पाळणारा शोधा, कागद त्याच्या नावावर करा. अनुसूची ४ मधला प्राणी असेल तर हस्तांतराची नोंदही करा. नर-मादी एकत्र ठेवूच नका, म्हणजे वीस पिल्लांचं काय करायचं हा प्रश्न येणार नाही.

मे महिना म्हणजे लग्नसराई, आणि आख्खं घर तीन-चार दिवस गावाला जाणार. जाण्याआधी पेटीवर कागद चिकटवा: कूलर सकाळी साडेदहाला चालू, टाकी सकाळ-संध्याकाळ भरायची, गार टोकाच्या थर्मामीटरवर ३१ दिसलं की गोठलेली बाटली लावायची, पेटी उघडायची नाही, डॉक्टरचा नंबर अमुक. सापाला या दिवसांत जेवण द्यायला सांगू नका, तो दोन आठवडे आरामात राहतो. ड्रॅगनसाठी पाला चिरून डब्यात ठेवा. किल्ली अशा माणसाकडे द्या जो सापाला घाबरत नाही आणि दुपारी झोपत नाही. दुसरी अट पाळणारा माणूस शोधायला जास्त वेळ लागतो, म्हणून एप्रिलपासूनच विचारायला लागा.